आमची वाटचाल: टाळी आणि तिचा उशीर

बडोद्याच्या दांडिया बाजारात बाबांचं स्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. चार भोंगे, दोन ॲम्प्लिफायर आणि वायरची भेंडोळी. मी सातवीत असताना गणपतीत त्यांनी मला गल्लीच्या टोकाला उभं केलं. "काय ऐकू येतं?" आरती दोनदा ऐकू येत होती, आधी जवळच्या भोंग्यातून आणि मग लांबच्या. आवाजाला पन्नास मीटर कापायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो, हे मला फार नंतर कळलं. बाबांनी गणित मांडलं नाही. भोंग्याचं तोंड फिरवलं आणि चहा मागवला.

आमचा आजचा धंदा त्या सातव्या हिश्श्यावर चालतो. दुरून शिकवणाऱ्या आणि दुरून मीटिंग करणाऱ्या लोकांच्या खोल्या आम्ही बसवून देतो. माझ्यासकट चार माणसं. गिऱ्हाईकं म्हणजे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार, क्लासवाले आणि अलीकडे गाण्या-बजावण्याचे गुरुजी.

सुरुवात मात्र बिल बुडण्याने झाली. 2004 च्या सप्टेंबरात इस्रोने एज्युसॅट सोडला, खास शिक्षणासाठीचा आपला पहिला उपग्रह. पुढे एका कॉलेजात उपग्रहावरून येणाऱ्या वर्गासाठी मी स्पीकर आणि माइक बसवले. असे उपग्रह पृथ्वीपासून साधारण 36,000 किलोमीटरवर असतात. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि उत्तर परत पोचेपर्यंत अर्धा. सरांनी "समजलं का?" विचारलं, इकडून पोरं "हो सर" म्हणाली, तोवर सर पुढच्या मुद्द्यावर. संस्थाचालक मला म्हणाले, "भाई, तमारो माइक खराब छे." निम्मेच पैसे मिळाले. प्रकाशाचा वेग त्यांना कसा समजावणार?

रागाने मी वाचायला लागलो. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जी.114 नावाची शिफारस सापडली. एका बाजूने 150 मिलिसेकंदांच्या (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) आत आवाज पोचला तर बहुतेकांना उशीर जाणवत नाही, 400 च्या पुढे जाऊ नये. 150 म्हणजे बाबांचा सातवा हिस्साच की! 2009 साली दहा भाषांवर झालेला एक अभ्यासही वाचला. प्रश्न संपल्यावर समोरचा सरासरी 200 मिलिसेकंदांत उत्तर द्यायला लागतो. मधली फट एवढी लहान असेल, तर थोड्या उशिरानेही दोघं एकदम बोलणार आणि एकदमच गप्प होणार. मग माणसं एकमेकांना उर्मट किंवा मठ्ठ समजतात. दोष लाइनचा असतो.

तेव्हापासून आमच्याकडे टाळीची चाचणी आहे. एकाच खोलीत कॉल जोडलेले दोन फोन ठेवायचे, एकाचा माइक चालू, दुसऱ्याचा स्पीकर. टाळी वाजवायची आणि तिसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायचं. खरी टाळी आणि स्पीकरमधली टाळी यांच्यातलं अंतर मोजलं की उशीर हातात येतो. कॅमेऱ्याचं नंतर पाहू. चित्र अडकलं तर लोक चालवून घेतात, आवाज तुटला तर उठून जातात.

2020 मध्ये शेजारचे तबल्याचे गुरुजी फोन घेऊन आले. गायक मौलाबख्शांनी 1886 मध्ये इथे गायनशाळा सुरू केली, त्यामुळे आमच्या भागात तबला शिकवणारे किराणा दुकानांइतके. गुरुजींचा शिष्य नाशिकला. "डग्ग्यावर हातच ठेवत नाही लेकाचा!" मी फोन कानाला लावला. "धा" हा दोन्ही हातांचा बोल, पण तो वाजला की नुसतं "टक" यायचं. पोरगा बिचारा बरोबर वाजवत होता. कॉलचं ॲप माणसाचा आवाज ठेवून बाकीचा गोंगाट काढून टाकतं, आणि डग्ग्याचा घुमारा त्याला पंख्यासारखा वाटत होता. दोन्हीकडे हेडफोन दिले आणि गोंगाट काढणारी सोय बंद केली. डग्गा परत आला.

मग गुरुजी म्हणाले, "आता मी लेहरा धरतो, तू वाजव." लेहरा म्हणजे तबल्याबरोबर फिरून फिरून वाजणारी धून. ते काही जमेना. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण 25-30 मिलिसेकंदांपुढचा उशीर सोसत नाही, लय ओढली जाते. इंटरनेटवर तेवढ्यात आवाज पोचवणं आमच्या आवाक्याबाहेरचं. तीन दिवस डोकं खाल्ल्यावर बायको म्हणाली, "लेहरा त्याच्याच घरी वाजवा ना." शिष्याच्या दुसऱ्या फोनवर लेहरा लावला, तो त्याच्यावर वाजवू लागला आणि गुरुजींना दोन्ही एकत्र, थोडं उशिरा पण लयीत ऐकू आलं. त्या वर्षी या एका युक्तीवर आम्ही अकरा गुरुजींचे वर्ग लावून दिले.

खेड्यातल्या मुलांचं दुखणं वेगळं होतं, डेटा अपुरा. आवाज अगदी कमी डेटात बसवता येतो, पण नेटवर तो तुकड्यातुकड्यांनी जातो, सेकंदाला अशी 50 पाकिटं सुटतात आणि प्रत्येकावर सुमारे 40 बाइटचा पत्ता. पत्रापेक्षा पाकीट जड! तिप्पट मोठी पाकिटं केली की पत्त्याचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो, उशीर मात्र 40 मिलिसेकंदांनी वाढतो. नुसतं व्याख्यान असेल तर आम्ही मोठी पाकिटं लावतो, सवाल-जवाब असेल तर छोटी.

सध्या अलकापुरीत एक मीटिंगची खोली चालू आहे. तिन्ही बाजूंनी काच, आवाज नुसता घुमतो. पडदे लावा म्हटलं तर मालक तयार नाहीत. बाबा ऐंशीच्या पुढे गेलेत. "मला घेऊन चल, मी सांगतो त्यांना," म्हणाले. सोमवारी जातोय.