बारा ऑगस्टचं आख्यान

ऑगस्ट उजाडला की आमचे ग्रंथपाल सर मला शिडीवर चढवायचे. सगळ्यात वरच्या फळीवर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची तसबीर असायची. ती खाली काढायची, पुसायची, हार आणायचा. श्रावणात फुलं महाग, त्यावरून सरांची दरवर्षी ठरलेली कुरकुर.

तालुक्याच्या महाविद्यालयात मी बावीस वर्षं ग्रंथालय परिचर होतो. गॅदरिंगला मांडव अपुरा पडायचा. आमच्या ग्रंथपाल दिनाला, म्हणजे १२ ऑगस्टच्या रंगनाथन जयंतीला, मोजून पंचवीस डोकी, त्यातली निम्मी एनएसएसची, हजेरीच्या धाकानं आलेली. प्राचार्य हार घालून ‘मीटिंग आहे’ म्हणत सटकायचे. मग सर उभे राहायचे आणि कीर्तनकार उत्तररंगाला लागावा तसे खुलायचे.

अख्खं चरित्र ते एका वर्षात सांगत नसत. एका वर्षी एक मुक्काम. मी लागलो त्या वर्षी मद्रास होतं. गणिताचे प्राध्यापक रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, पण त्या शुकशुकाटात जीव रमेना. मला परत शिकवायला पाठवा म्हणाले. आधी लंडनला जाऊन शिकून या, मग नको वाटलं तर परत या, असं ठरलं. ‘म्हणजे बघा,’ सर तसबिरीकडे बोट करत, ‘ज्यांना हार घातला ते पळून निघाले होते!’

लंडनचं वर्ष मात्र विसरणं शक्य नाही. रंगनाथनांनी तिथं शंभरावर ग्रंथालयं पायाखाली घातली. एका मोठ्या दुकानात मेकॅनो हे खेळणं पाहिलं: त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, पण दर वेळी वेगळी वस्तू. विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील, हे तिथं सुचलं आणि १९३३ मध्ये पुस्तकं विषयवार लावायची त्यांची पद्धत, द्विबिंदू वर्गीकरण, छापून आली. सरांनी मुलाचा मेकॅनो पिशवीतून आणला होता. क्रेन झाली, ती मोडून गाडी करताना एक बोल्ट घरंगळत कपाटाखाली गेला. मी पालथा पडून शोधला, मिळाला नाही. पोरांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा माना वर केल्या.

गंमत अशी, की आमची पुस्तकं लागलेली रंगनाथनांच्या नव्हे, तर अमेरिकेच्या ड्युईच्या दशांश पद्धतीनं. मराठी साहित्य ८९१.४६. एका पोरीनं हे भर सभेत विचारलं. सर म्हणाले, ‘बाई, पूजा घरच्या देवाची, रेशन मात्र सरकारी दुकानातलं.’

मन्नारगुडीच्या बैलगाडीतल्या ग्रंथालयाचं वर्ष पोरांना आवडलं. दिल्ली, झुरिक, उज्जैन मात्र सरांनी एका दमात उरकलं, कारण धो धो पाऊस आणि वीज गेलेली. सर स्वतः उजळणी वर्गापुरते पुण्याला गेलेले, तेवढाच त्यांचा प्रवास.

बनारसचं वर्ष माझ्यावरच शेकलं. १९४५ मध्ये तिथल्या हिंदू विद्यापीठात गेलेल्या रंगनाथनांनी लाखभर पुस्तकांचं वर्गीकरण एकहाती केलं, असं सांगता सांगता सर थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. एका वकिलांनी दिलेली बाराशे पुस्तकं आमच्याकडे तीन वर्षं पोत्यांत पडून होती. दिवाळीआधी सगळी नोंदवहीत दाखल क्रमांक घेऊन दाखल झाली. बाराशेच्या बाराशे शिक्के मी मारले.

आणखी एका वर्षी सर नेहमीपेक्षा हळू बोलले. रंगनाथनांनी पुंजीतले एक लाख रुपये ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी मद्रास विद्यापीठाला दिले आणि अध्यासनाला पत्नीचं, शारदाबाईंचं नाव लावलं. मागच्या बाकावर सरांच्या सौभाग्यवती बसलेल्या. चिवडा त्यांनीच करून आणलेला असायचा. त्यांनी पदर सारखा केला.

बंगळूरला डीआरटीसी ही रंगनाथनांची प्रलेखन संशोधन-प्रशिक्षण संस्था सुरू झाली, १९६२, इथपर्यंत सर यायचे. पुढची दहा वर्षं आणि शेवट त्यांनी कधी सांगितला नाही. तिथं पोचले की ‘चहा निवतोय’ म्हणायचे.

सर निवृत्त झाले, नव्या मॅडम आल्या. रंगकामाला कपाट हलवलं तेव्हा धुळीत तो बोल्ट सापडला. मी पाकिटात जपून ठेवला आणि १२ ऑगस्टला सर पाहुणे म्हणून आले तेव्हा हातावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो उलटसुलट पाहिला.

‘दाखल क्रमांक टाकलास का?’ म्हणाले.