चौदा टक्के म्हणजे शून्य

लोकसभेला उभ्या राहिलेल्या माणसाला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर डिपॉझिट जप्त होतं, हे ठाण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या मतदानात, अशीच एक रेघ आहे, १५ टक्क्यांची. तिथे पैसे जप्त होत नाहीत, पण रेघेखाली राहिलेल्याला पक्षाच्या अधिवेशनात मत देणारा एकही डेलिगेट मिळत नाही. फारशा माहीत नसलेल्या उमेदवारांची तुलना करायची तर सुरुवात इथून. नाहीतर सगळी चर्चा 'बोलतो छान हो' एवढ्यावर येऊन थांबते.

समजा एका मतदारसंघात ६ डेलिगेट आहेत आणि चौघांना ४०, ३०, १६ आणि १४ टक्के मतं पडली. १४ वाला बाद. उरलेल्या ८६ टक्क्यांच्या प्रमाणात सहाची वाटणी केली की २.७९, २.०९ आणि १.१२ येतात. पूर्णांक आधी द्यायचे: २, २, १. उरलेला एक डेलिगेट सर्वांत मोठ्या अपूर्णांकाला. निकाल ३, २, १. शेवटच्या दोघांत अंतर दोन टक्क्यांचं, पण एकाच्या हातात डेलिगेट आणि दुसऱ्याच्या हातात भोपळा.

हा हिशेब राज्यासाठी वेगळा होतो आणि राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघासाठी वेगळा. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०२४ मध्ये मिशिगनच्या प्रायमरीत 'कुणालाच बांधील नाही' या पर्यायाला राज्यभरात १३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, म्हणजे रेघेखाली. तरीही मतदारसंघांच्या हिशेबातून दोन डेलिगेट मिळालेच. आपल्या नोटाच्या नशिबी एवढंही नाही. तेव्हा नौपाड्यातून किंवा वाशीतून न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या आपल्या मुलाला 'तुमच्या राज्यात त्याला किती टक्के' असं विचारण्यापेक्षा 'तुमच्या मतदारसंघात किती' हे विचारणं जास्त कामाचं.

आता एक टक्केवाले. २०२० च्या निवडणुकीआधी, २०१९ च्या जूनमध्ये, मायामीत पक्षाच्या इच्छुकांची पहिली डिबेट झाली तेव्हा दोन रात्रींत मिळून २० उमेदवार मंचावर होते. प्रवेशाच्या वाटा दोन: तीन मतदार पाहण्यांमध्ये १ टक्का, किंवा ६५,००० देणगीदार, आणि त्यातही किमान २० राज्यांत प्रत्येकी २०० तरी. सप्टेंबरच्या डिबेटला अट दुप्पट झाली आणि 'किंवा'चं 'आणि' झालं: १,३०,००० देणगीदार आणि चार पाहण्यांत २ टक्के. मंचावर दहाच उरले.

४०० लोकांच्या पाहणीत १ टक्का म्हणजे चार माणसं आणि २ टक्के म्हणजे आठ. हा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो, त्यामुळे 'अमका तमक्याच्या दुप्पट पुढे' या वाक्याला या पातळीवर काही अर्थ नसतो. पाहणीत एकूण मतदार किती आणि त्यातले डेमोक्रॅटिक प्रायमरीचे किती, हेही बघावं. हजारांची म्हणून छापलेली पाहणी प्रायमरीपुरती पुष्कळदा चारशेचीच निघते.

मग तुलना कशावर करायची? माझ्या मते तीन प्रश्न पुरतात: हा माणूस कशासाठी उभा आहे, पैसा कुणाचा आहे, आणि हरला तर काय मागे ठेवणार आहे.

जॉन डिलेनी जुलै २०१७ मध्येच रिंगणात उतरले. सर्वांत आधी मतदान होणाऱ्या आयोवा राज्याच्या ९९ च्या ९९ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) फिरले, मोहिमेत स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणावर ओतला आणि आयोवाच्या मतदानाला तीन दिवस उरले असताना बाहेर पडले. अँड्र्यू यांग यांना राजकारणातलं पद शून्य. प्रत्येक प्रौढाला महिना १,००० डॉलर ही एकच कल्पना, पण छोट्या देणगीदारांची फौज उभी राहिली. डेलिगेट दोघांनाही नाही. पण यांग यांची कल्पना लोकांच्या बोलण्यात राहिली, डिलेनींचं नाव आज आठवावं लागतं. पायपीट मोजून उमेदवार जोखू नये तो यासाठी.

जे इन्सली आणि स्टीव्ह बुलक दोघेही गव्हर्नर (तिथे हे पद निवडून येतं, आपल्या मुख्यमंत्र्यासारखं), म्हणून वर्तमानपत्रं त्यांना एकाच रांगेत बसवत. खरं तर जात वेगळी. वॉशिंग्टनचे इन्सली फक्त हवामानासाठी उभे होते. देणगीदारांचा आकडा गाठला, पाहण्यांनी दगा दिला, ऑगस्ट २०१९ मध्ये थांबले आणि गव्हर्नरपदाची तिसरी टर्म जिंकले. त्यांच्या आराखड्यातला बराच भाग दुसऱ्या उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांनी उघडपणे उचलला. मोंटानाच्या बुलक यांचा मुद्दा 'मी निवडून येतो' हा होता, कारण २०१६ मध्ये ट्रम्प यांनी तेच राज्य सुमारे २० टक्क्यांनी जिंकलं असतानाही ते गव्हर्नर म्हणून टिकले. असा मुद्दा पाहणीत दिसला नाही की हवेत विरतो. इन्सलींचा विषय त्यांच्या माघारीनंतरही चालला.

२०२० मध्ये तुलसी गॅबर्ड यांना दोन डेलिगेट मिळाले, दोन्ही अमेरिकन सामोआ या बेटांवरून, जिथे त्यांचा जन्म झाला. त्याच बेटांवर २०२४ मध्ये जेसन पामर यांनी बायडन यांना ५१ विरुद्ध ४० मतांनी हरवलं. घोडबंदर रोडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या वार्षिक सभेला याहून जास्त डोकी असतात.

पैशासाठी निवडणुकीतल्या देणग्यांचा हिशेब ठेवणाऱ्या फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावरचे तिमाही अहवाल उघडावेत. तिथल्या यादीत नाव असणं ही पात्रता नव्हे, अर्ज कुणीही भरतो आणि शेकडो भरतात. चार आकडे बघायचे. २०० डॉलरपर्यंतच्या देणग्यांची बेरीज लोकांचा पाठिंबा सांगते. उमेदवाराने स्वतः दिलेलं कर्ज खिसा सांगतं. जमेच्या तुलनेत खर्च किती, हा तिसरा, आणि हातात शिल्लक किती, हा चौथा. सलग दोन तिमाही खर्च जमेपेक्षा जास्त असेल तर माघारीची तारीख जवळ आलेली असते. देणगीदारांच्या नुसत्या संख्येवर मात्र विसंबू नये. एकेक डॉलर मागणाऱ्या जाहिरातींवर बक्कळ खर्च करून ती फुगवता येते. आणि खिसा कितीही खोल असला तरी रेघ तीच: अब्जाधीश टॉम स्टायर यांनी स्वतःचे २० कोटींहून जास्त डॉलर घातले, डेलिगेट शून्य. मालमत्तेच्या घोषणापत्रात आपल्या प्रतिज्ञापत्रासारखा रुपयापर्यंतचा आकडा शोधू नका, तिथे 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असे टप्पे असतात.

ओघात एक सूचना. ठाण्यातल्या आईवडिलांनी आवडलेल्या उमेदवाराला दहा डॉलरसुद्धा पाठवायचे नाहीत. परदेशी नागरिकाची देणगी बेकायदा आहे आणि मुलाच्या कार्डावरून आपले पैसे देणंही बेकायदाच. ग्रीन कार्डवाला देणगी देऊ शकतो, मत नाही. एच-वन-बी व्हिसावाल्याला दोन्ही नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक मतपत्रिकेची. आपल्याकडे माघारीची मुदत संपल्यावर नावं छापली जातात. तिथे माघार घेतलेल्याचं नाव मतपत्रिकेवर तसंच राहतं. कॅलिफोर्नियात टपाली मतपत्रिका मतदानाच्या सुमारे महिनाभर आधी घरी येते. ३ मार्च २०२० ला तिथे मतदान होतं आणि पीट बूटाजेज १ मार्चला, एमी क्लोबुशार २ मार्चला बाहेर पडले. ज्यांनी हौसेने आधीच पाकीट धाडलं होतं त्यांची मतं परत घेता आली नाहीत. उमेदवार एक आकडी टक्क्यांवर असेल तर पाकीट शेवटच्या दोनतीन दिवसांपर्यंत घरात ठेवावं. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसाचा टपाल शिक्का चालतो, पण पोस्टाच्या लाल डब्यासारख्या डब्यात संध्याकाळी टाकलं तर शिक्का दुसऱ्या दिवशीचा पडू शकतो. त्यापेक्षा मतदान केंद्रावर नेऊन द्यावं.

न्यू जर्सीवाल्यांना ही चिंता कमी. त्यांची प्रायमरी एरवी जूनमध्ये येते आणि तोवर एक टक्केवाले बहुतेक सगळे घरी गेलेले असतात.