वीतभर खोलीचे यंत्र

मेटल डिटेक्टर विकत घेतल्याचे मी फोनवर सांगितले, तेव्हा पंचवटीतल्या मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती खोलवरचं दिसतं रे त्यात? एखादा हंडा लागेल का?" गुप्तधनाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या नाशिककराला दुसरे काय सुचणार? इथे इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या दुकानात मीही आधी खोलीच विचारली होती. दुकानदाराने आकडा सांगण्याऐवजी घरामागच्या बागेत नाणे पुरून पाहण्याचा सल्ला दिला.

दोन पौंडांचे नाणे चार इंचांवर आडवे पुरले, तेव्हा आवाज स्वच्छ आला. आठ इंचांवर तो कसाबसा ऐकू आला आणि दहा इंचांवर यंत्र गप्प झाले. तेच नाणे उभे पुरल्यावर सहा इंचांवरही खात्री वाटेना. म्हणजे सुट्या नाण्यापुरती या यंत्राची धाव वीतभरच. कॉइलमधून, म्हणजे दांडीच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्याच्या चकतीतून, निघणारे चुंबकीय क्षेत्र अंतरासोबत झपाट्याने क्षीण होते, आणि धातूकडून येणाऱ्या प्रतिसादालाही परतीचा तेवढाच प्रवास करावा लागतो. त्यामुळे कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच दूर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर संकेत निम्मा न राहता सुमारे चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. अशा वेळी गवतावरून दोन इंच उंच कॉइल फिरवणे म्हणजे हातची खोली घालवणे होय, आणि ही चूक मी पहिले दोन आठवडे इमानेइतबारे केली.

मोठी कॉइल लावल्यास मोठी वस्तू अधिक खोलवर कळते, परंतु बारीक नाणे निसटू शकते आणि शेजारचा खिळा व नाणे वेगळे ओळखणे अवघड जाते. संवेदनशीलता कमाल ठेवण्याचा मोह मलाही झाला होता. त्यातून वाढली ती केवळ खरखर.

मामांना हे यंत्र नाशिकला हवे आहे. आपल्याकडची काळी जमीन बेसॉल्टपासून झालेली असून तिच्यातील चुंबकीय लोहखनिज स्वतःच संकेत देते. 'ग्राउंड बॅलन्स', म्हणजे जमिनीचा स्वतःचा संकेत वगळण्याची यंत्रातली जुळणी, नीट करूनही तेथे इथल्या चुनखडीच्या शेताइतकी खोली मिळण्याची आशा मी धरणार नाही. अर्थात हंड्याची गोष्ट वेगळी. 1906 साली सिन्नरजवळ जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. एवढा धातू एके जागी असेल, तर तो सुट्या नाण्यापेक्षा पुष्कळ खोलवरूनही कळू शकतो. मात्र 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे ऐकून मामांचा उत्साह जरा ओसरला.

इथेही शेतमालकाची परवानगी लागतेच, आणि कायद्याच्या व्याख्येत बसणारा ठेवा सापडल्यास 14 दिवसांच्या आत कोरोनर या अधिकाऱ्याला कळवावे लागते. ती वेळ माझ्यावर आलेली नाही. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात आतापर्यंत खिळे, शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या आणि पितळेचे एक बक्कल मिळाले, सारे सहा इंचांच्या आतले. पिकाची कापणी होऊन नांगरट झाली की त्याच रानात पुन्हा जाणार आहे, कारण यंत्राला न पोहोचणारी खालची माती नांगर वर आणतो.