क्लायंबिंगचं हेल्मेट, कुरिअर आणि आयएसआय मार्क: माझा अनुभव

परदेशातून क्लायंबिंगचं सामान मागवणार असाल तर पाठवणाऱ्याला इनव्हॉइसवर नुसतं 'हेल्मेट' लिहू देऊ नका. बाकीचं खाली सविस्तर लिहिलंय, पण कुणी अर्ध्यात सोडणार असेल तर एवढं तरी घेऊन जा.

तर माझं डोकं लहान आहे, घेर 52 सेंटिमीटर. आपल्याकडे दुकानात मिळणारी बरीच हेल्मेटं एकाच साइजची असतात, मागचं चाक फिरवून घट्ट करायची, आणि माझ्या डोक्यावर ते चाक शेवटपर्यंत पिळलं तरी मान हलवली की हेल्मेट एकीकडे आणि मी एकीकडे. क्लबची हेल्मेटं तर विचारूच नका, त्यात आतल्या पट्ट्या कुणाच्या घामाने कधी कडक झाल्यात ते देव जाणे. त्यात केस लांब, वेणी नेमकी त्या चाकाखाली येते आणि हेल्मेट पुढे कपाळावर सरकतं. एक साधी टेस्ट सांगते, हनुवटीचा पट्टा न लावता हेल्मेट घाला, चाक घट्ट करा आणि खाली वाकून मान हलवा. पडलं तर ते तुमचं नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आमच्या नाशिकच्या ग्रुपमध्ये काही जण बांधकामावरचं पिवळं हेल्मेट घालून येतात. स्वस्त आहे, दगड लागला तर कवटी वाचते हे खरंय, पण त्याचा पट्टा मुद्दाम सुटेल असाच बनवलेला असतो, कारण कामगार कुठे अडकला तर गळफास बसू नये. त्याच्या युरोपियन स्टँडर्डमध्ये, म्हणजे ईएन 397 मध्ये, पट्टा 150 ते 250 न्यूटनला सुटायला हवा, म्हणजे साधारण 15 ते 25 किलोचा ओढा. क्लायंबिंगच्या ईएन 12492 मध्ये उलटं, पट्ट्याने 500 न्यूटन धरायलाच हवेत. आपण पडलो, उलटे झालो, भिंतीवर आपटलो, तेव्हाच तर ते डोक्यावर राहायला पाहिजे. आणि बाईकचं हेल्मेट घालून येणारेही बघितलेत! त्यात वरून कुणी 'दगड आला रे' ओरडलं तरी ऐकू येत नाही. हे बाईकचं हेल्मेट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी मावसबहीण म्युनिकला असते. तिला म्हटलं, ताई, तिकडे छोट्या साइजचं मिळतं का बघ. तिने दुकानात जाऊन स्वतःच्या डोक्यावर घालून फोटो पाठवले (तिचं डोकंही आमच्याच घराण्याचं), आणि मग आता पाठवतेच आहे तर हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), बिले डिव्हाइस (दोराला ब्रेक लावायचं साधन) आणि 120 सेंटिमीटरच्या स्लिंग (शिवून गोल केलेल्या पट्ट्या) पण टाक असं करत करत डबा मोठा झाला. सगळे म्हणाले 'गिफ्ट' लिहायला सांग, ड्युटी लागत नाही. हे आता चालत नाही हो. डिसेंबर 2019 पासून राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडली तर गिफ्ट म्हणून फुकट सोडवून घेता येत नाही, ड्युटी भरावीच लागते. त्यामुळे खरी किंमत, खरं बिल, सरळ काम. केवायसीची लिंक आली, आधार टाकलं, झालं.

आणि मग पार्सल मुंबईत येऊन बसलं.

ट्रॅकिंगवर 'क्लिअरन्स डिले' एवढंच. एक दिवस, दोन दिवस, शनिवार-रविवार. मग कुरिअर कंपनीकडून ईमेल आला (नाव घेत नाही, पण मोठी आहे) की आयटम नंबर एक, हेल्मेट, बीआयएस (म्हणजे आयएसआय मार्क देणारी सरकारी संस्था) सर्टिफिकेट सादर करावे, अन्यथा माल परत पाठवला जाईल किंवा नष्ट केला जाईल. नष्ट! मी आधी हसले आणि मग माझं डोकं फिरलं. त्यांचं म्हणणं वरवर बघता अगदीच हवेतलं नव्हतं, 1 जून 2021 पासून आपल्याकडे टू-व्हीलरची हेल्मेटं आयएसआय मार्कशिवाय बनवता, विकता, आयात करता येत नाहीत, आयएस 4151 नावाचं त्याचं स्टँडर्ड आहे. पण ते टू-व्हीलरच्या हेल्मेटला! माझं हेल्मेट घालून मी बाईक चालवली तर ट्रॅफिक पोलीसच मला पावती फाडेल.

मी लगेच उत्तर लिहिलं की बाबांनो हे गिर्यारोहणाचं हेल्मेट आहे. उत्तर आलं, 'कृपया बीआयएस सर्टिफिकेट अपलोड करा.' मी फोटो पाठवला. 'कृपया बीआयएस सर्टिफिकेट अपलोड करा.' मी फोन केला, अर्धा तास ते संगीत ऐकलं, मग एक मुलगा म्हणाला, 'मॅम, हेल्मेट है तो बीआयएस लगेगा.' मी म्हटलं अहो हे डोंगर चढायचं आहे, तर म्हणाला, 'जी मॅम, लेकिन हेल्मेट है ना?' काय बोलणार. दुसऱ्या वेळी दुसरीच मुलगी, परत पहिल्यापासून सगळी कथा. ती म्हणाली, तिकीट एस्कलेट केलंय, 48 तास. 48 तासांनी मेसेज आला की तुमचं तिकीट रिझॉल्व्ह झालं आहे, तुमचा अनुभव कसा होता, पाच पैकी स्टार द्या. मधल्या काळात फुकट साठवणुकीचे दिवस संपून डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, सुरू झालेलं. पैसे फार नव्हते, पण कशाचे भरायचे ते कळेना. ताईचा म्युनिकहून रोज मेसेज, 'आलं का गं?' आणि ग्रुपचा हडबीची शेंडी हा सुळका चढायचा प्लॅन जवळ आलेला, तिथे खालून नुसतं बघत बसायचं माझ्या नशिबी दिसत होतं.

शेवटी सुट्टी टाकली, पंचवटी पकडली, दादरला उतरून अंधेरी आणि तिथून रिक्षाने त्यांचं सहारकडचं ऑफिस. आत सोडायलाच तयार नाहीत, सगळं ऑनलाइन आहे म्हणे. मी म्हटलं ऑनलाइन झालं असतं तर मी पहाटे उठून आले नसते. बसून राहिले. लंचनंतर एक काका आले, क्लिअरन्सचं काम बघणारे, शांत माणूस. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि मला पहिल्यांदा कळलं की कस्टम्सने नेमकं काय विचारलं होतं. त्यांचा प्रश्न होता, आयटम एकचा वापर कशासाठी ते स्पष्ट करा. टू-व्हीलरचं हेल्मेट असेल तर बीआयएस लागेल. बस्स. दोन वाक्यं. कुरिअरवाल्यांनी त्यातलं पहिलं वाक्य आणि ते 'असेल तर' गाळून मला फक्त शेवट पाठवला होता आणि माझी उत्तरं त्या प्रश्नाला जोडलीच नव्हती, ती कस्टमर केअरच्या तिकिटातच पडून होती!

इतका राग आला की बोलताच येईना. काका म्हणाले, 'मॅडम, हे आधी लेखी द्यायचं ना.' मी त्यांना ईमेलची रांग दाखवली. ते गप्प झाले आणि मग खरंच कामाला लागले, त्यांना मानलं.

आता महत्त्वाचं, काय दिलं ते. एक, एका पानाचं पत्र: वस्तू काय, कशासाठी, स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही, मोटार वाहनावर वापरण्यासाठी नाही, खाली सही. दोन, हेल्मेटच्या कंपनीच्या साइटवरून उतरवलेलं डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी (वस्तू अमुक स्टँडर्डप्रमाणे आहे असं कंपनीचं लेखी), त्यात मॉडेलचं नाव आणि ईएन 12492 स्पष्ट असतं. हे बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या साइटवर प्रॉडक्टच्या पानावर खाली पीडीएफ म्हणून असतं, कुणी बघत नाही. तीन, मॅन्युअलचं ते पान ज्यात हेल्मेट कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं. चार, ताईने त्याच दुपारी बदलून पाठवलेलं इनव्हॉइस, त्यात 'हेल्मेट' ऐवजी 'गिर्यारोहणाचं हेल्मेट, ईएन 12492, मोटार वाहनासाठी नाही'. कस्टम्सचा कोड 6506 हा डोक्यावरच्या टोप्यांचा आणि त्यातच सेफ्टीवाली सगळी येतात, बांधकामाचं, सायकलचं, बाईकचं, त्यामुळे नुसत्या कोडवरून कुणालाच काही कळत नाही, वर्णनच लिहावं लागतं. (काकांनीच दाखवलं, माझा हार्नेस 4201 मध्ये टाकलेला, म्हणजे जनावरांच्या खोगिराच्या रांगेत. तो पण दुरुस्त करून घेतला.)

हे सगळं सिस्टिममधून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ड्युटी लागून आली, भरली, संध्याकाळी 'आउट ऑफ चार्ज', म्हणजे कस्टम्समधून सुटलं. म्हणजे कस्टम्सकडे ते अडकलंच नव्हतं म्हणायचं. ड्युटी, कुरिअरची फी आणि डेमरेज धरून हेल्मेट इथल्या दुकानातल्यापेक्षा महाग पडलं, त्यामुळे साधारण साइजचं डोकं असेल तर हा उद्योग करू नका, इथेच चार दुकानं फिरून घ्या. लहान डोकंवाल्यांनो, करा, पण पत्र आणि पीडीएफ पार्सल निघायच्या आधी तयार ठेवा.

हेल्मेट मात्र असं बसलंय की काय सांगू. वेणी चाकाच्या खालून बाहेर, कपाळ झाकलेलं, वर बघितलं तरी मागे सरकत नाही.

बाकी जे आठवेल ते. हेल्मेटवर स्टिकर चिकटवू नका, नाव मार्करने लिहू नका, गोंदात आणि शाईत काय असतं आणि ते प्लास्टिकला काय करतं ते कळत नाही. डीट असलेला डासांचा स्प्रे पण लांब ठेवा. मे महिन्यात गाडीच्या मागच्या काचेजवळ ठेवू नका. सॅकच्या बाहेर लटकवून एसटीच्या टपावर तर अजिबात नाही, आतला फोम चेपला तर वरून दिसत नाही आणि जोरदार दगड किंवा आपटी खाल्लेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी रिटायर. धुवायला कोमट पाणी आणि साधा साबण. आत बनवल्याची तारीख असते ती बघून घ्या, बऱ्याच कंपन्या प्लास्टिक आणि कापडी सामानाला जास्तीत जास्त 10 वर्षं सांगतात, न वापरता कपाटात पडलं असलं तरी. म्हणून सेकंडहँड हेल्मेट, हार्नेस, रोप घेऊ नका, कितीही ओळखीचा असो.

रोपवरून आठवलं, घरात इन्व्हर्टर असेल तर रोप त्या कपाटाच्या जवळपास नको. बॅटरीचं अ‍ॅसिड नायलॉन खातं आणि वरून काहीच दिसत नाही. ओला रोप सावलीत वाळवायचा, गच्चीवर उन्हात नाही. कॅरॅबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) गेट मातीने अडकलं तर कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, वाळल्यावर ड्राय लुब्रिकंट. खोबरेल तेल लावणारे लोक आहेत, त्यावर आपल्याकडची लाल माती अशी बसते की आधीचं बरं होतं. डायनीमाच्या (हा नायलॉनपेक्षा वेगळा, बारीक पण मजबूत धागा) बारीक स्लिंगला गाठी मारू नका, ताकद बरीच कमी होते आणि ते वितळतं पण नायलॉनपेक्षा लवकर.

आणि हो, पार्सल सुटल्यावर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद, मागून घ्या, मला तर मागितल्यावरच मिळालं. डेमरेज परत करा असा ईमेल मी टाकलाय, कारण उशीर त्यांचा होता. त्यावर उत्तर आलंय की कृपया बीआयएस सर्टिफिकेट अपलोड करा.