तुम्ही विचारलंत म्हणून: लेव्हल दीडशे, तरी दोन फटक्यांत का मरतो?

"भाऊ, लेव्हल दीडशे आहे, तलवार पूर्ण वाढवली आहे, तरी दोन फटक्यांत मरून राहिलो. काऊन?"

‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेमचा विस्तार, म्हणजे ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’, नव्याने हाती घेतलेला नागपूरकर हाच प्रश्न विचारतो. धरमपेठेतला कॉलेजचा मुलगा असो की मिहानमधल्या नोकरीवरून रात्री घरी येऊन दोन तास खेळणारा, प्रश्न बदलत नाही. मूळ गेम फेब्रुवारी 2022 चा आणि विस्तार 21 जून 2024 चा. मूळ गेम संपवून आलेल्या माणसाला वाटतं की आपण तयार आहोत, आणि पहिल्याच मैदानात एखादा साधा शिपाई त्याला लोळवतो.

उत्तर थोडक्यात असं: या नव्या प्रदेशात तुमच्या लेव्हलपेक्षा दुसराच एक आकडा जास्त चालतो आणि तो वाढवायला नकाशा पालथा घालावा लागतो. बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, दारात बसून राहिल्याने तो आकडा वाढत नाही.

तो आकडा स्काडूट्रीच्या, म्हणजे इथल्या सावलीच्या झाडाच्या, आशीर्वादाचा. प्रदेशभर स्काडूट्रीचे 50 तुकडे पडलेले आहेत. कुठल्याही ग्रेसवर, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसून ते वापरायचे, की आशीर्वाद चढत चढत 20 पर्यंत जातो. सुरुवातीच्या पायऱ्या एक-दोन तुकड्यांत होतात, वरच्या पायऱ्यांना तीन-तीन लागतात. प्रत्येक पायरीला तुमचा मारही वाढतो आणि तुम्हाला बसणारा मार कमीही होतो. हा आशीर्वाद फक्त या सावलीच्या प्रदेशात चालतो, जुन्या नकाशात परतलात की त्याचा उपयोग शून्य. सोबत बोलावायच्या आत्म्यांसाठी वेगळी राख आहे. ती 25 ठिकाणी सापडते आणि तिच्या 10 पायऱ्या आहेत. ‘मिमिक टिअर’वर भिस्त असेल तर ही राख सोडू नका, नाहीतर 660 एचपी (जीव) मोजून बोलावलेला तुमचाच जुळा पहिल्या मिनिटात आडवा होतो.

लेव्हलचा उपयोग का होत नाही, तेही समजून घ्या. मुख्य गुण 80 च्या पुढे गेला की प्रत्येक पॉइंटमागे वाढणारा मार अगदी किरकोळ असतो. दीडशेचे एकशे साठ करायला लाखो रून्स (लेव्हल वाढवायचं चलन) घालवाल आणि हाती जवळजवळ काहीच लागणार नाही. तेवढ्या वेळात तीन-चार तुकडे गोळा होतात आणि त्यांचा फरक पहिल्याच लढाईत कळतो. विस्तार आला तेव्हा लोकांनी इतकी ओरड केली की आठवड्याभरातच आलेल्या पॅचने पहिल्या निम्म्या पायऱ्यांचा फायदा वाढवला. म्हणजे आज पहिले दहा-बारा तुकडे तेव्हापेक्षा जास्त मोलाचे आहेत.

एकच गुण मात्र आधी तपासा: व्हिगर, म्हणजे तुमचा जीव ठरवणारा गुण. 40 वर साधारण 1450 एचपी मिळतात, 60 वर 1900. साठच्या पुढे 99 पर्यंत नेलं तरी जेमतेम 2100, तेव्हा साठला थांबायचं. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा व्हिगर पस्तीस-चाळीसला अडकलेला असतो, कारण सगळे पॉइंट माराकडे वळवलेले असतात. लार्व्हल टिअर ही वस्तू घेऊन मूळ गेममधल्या राया लुकेरियात रेनालाकडे जा आणि पॉइंट पुन्हा वाटा. अंगावरचं वजन 70 टक्क्यांच्या आत ठेवा, ते ओलांडलं की रोल (वार चुकवायची कोलांटी) जड होतो आणि निम्मे फटके त्यामुळेच बसतात. औषधाचे फ्लास्क 14 आणि त्यांची ताकद 12 इतकी करूनच आत उतरा.

आता दार. ‘विस्तार विकत घेतला, पण सुरूच होत नाही’ हाही नेहमीचा प्रश्न. मूळ गेममधले दोन बॉस आधी मारावे लागतात: स्टारस्कर्ज राडान आणि मोग. नुसता मोग मारून भागत नाही, राडान राहिला असेल तर मोगच्या महालातल्या कोशातल्या सुकलेल्या हाताला (तेच विस्ताराचं दार) स्पर्शच करता येत नाही. राडानचा उत्सव सुरू करायला आल्टस पठारावरच्या ग्रेसपर्यंत पोचलं तरी पुरतं. मोगच्या महालात जायचे रस्ते दोन. एक बर्फाळ प्रदेशाच्या पश्चिमेच्या पोर्टलमधून, दुसरा पांढऱ्या मुखवट्याच्या वारेचं काम पूर्ण करून. दुसरा फार लवकर मिळतो, आणि आता त्यासाठी ऑनलाइन जाण्याचीही सक्ती नाही.

आत उतरलात की समोर ग्रेव्हसाइटचं मैदान. सुरुवातीलाच पश्चिमेच्या बिननावाच्या समाधीत एक काळा शूरवीर बसलेला आहे, हातात मोठी तलवार आणि धडाधड बाण सोडणारा क्रॉसबो. नवीन माणूस दार दिसलं म्हणून आत शिरतो आणि संध्याकाळ तिथेच घालवतो. तो पूर्ण ऐच्छिक आहे, सोडा. आशीर्वाद पाच-सहा झाला की परत या.

टॉरेंट या तुमच्या घोड्यावर बसून आधी हिंडा. तुकडे कुठे असतात याची खूण धरली की गाइडची गरज कमी पडते. मारिका देवीचा मुलगा मिकेला, त्याचे क्रूस जिथे उभे आहेत तिथे बघा. मारिकाच्या पुतळ्यांपाशी, चर्चमध्ये बघा. डोक्यावर मडकं घेऊन उभ्या असलेल्या सावल्या दिसल्या तर त्यांना सोडू नका, त्यातल्या काहींकडे तुकडा असतो. आणि सोनेरी काटेवाले पाणघोडे. शॅडो कीप या किल्ल्याच्या दारातला मोठा पाणघोडा एकटाच दोन देतो.

नकाशा सपाट समजू नका. इथे एकावर एक मजले आहेत. समोर दिसणारं ठिकाण बहुधा खूप खाली किंवा वर असतं आणि त्याचा रस्ता भलतीकडून निघतो. एलाक नदीच्या गुहेतून खाली उतरलं की निळ्या किनाऱ्याकडे जाता येतं, तेही रेलाना या बॉसला न मारता. ज्यांना ‘कुठेच जाता येत नाही’ वाटतं, त्यांनी हा रस्ता पाहिलेला नसतो. तसंच शॅडो कीपच्या मागच्या भागातला मारिकाचा पुतळा: त्याच्यासमोर ‘ओ मदर’ हा हावभाव केल्याशिवाय मागचा डोंगराळ भाग उघडत नाही, आणि तो हावभाव बॉनी गावात मिळतो.

बॉसच्या क्रमाबद्दल माझा हिशेब: बेलुरातच्या नाचऱ्या सिंहासमोर आशीर्वाद तीन, रेलानासमोर पाच, मेस्मरसमोर दहा. याहून कमीत मारणारे आहेत, पण पहिल्यांदा खेळणाऱ्याने तो हट्ट धरू नये.

रेलाना जरा जवळून बघू, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच अडतात. दोन तलवारी, आणि पाच-सहा वारांची सलग साखळी. माणूस घाबरून मागे रोल करतो, आणि तिचा पल्ला इतका आहे की मागे गेलेल्यालाच पुढचा वार गाठतो. रोल तिच्या दिशेने, बगलेखालून करायचा. दुसरी चूक घाईची. ती तलवार वर नेते, तिथेच क्षणभर थांबवते आणि मग खाली आणते. नजर पात्यावर ठेवली तर बोट आधीच बटण दाबून मोकळं होतं. खांद्याकडे बघा, खांदा खाली यायला लागला की दाबा. साखळी संपली की एक-दोन वार आणि बाजूला. तिसऱ्या वाराचा मोह झाला की फ्लास्क गेलाच म्हणून समजा. तिचा जीव निम्मा झाला की तलवारींवर आग आणि जादू चढते. मग ती हवेत उंच जाते, चंद्र घेऊन खाली आदळते आणि जमिनीवरून तीन लाटा येतात. तिथे रोल करू नका, प्रत्येक लाटेला उडी मारा. तीन लाटा, तीन उड्या. त्यानंतर मारायला चांगली जागा मिळते आणि नेमकी तेव्हाच लोक औषध पीत बसतात.

रोल जमतच नसेल तर लाज न बाळगता ढाल घ्या. मोठी ढाल आणि तिच्याआडून टोचता येईल असा भाला किंवा रेपियर, ही जोडी या विस्तारात फार कामाची आहे. फिंगरप्रिंट ढालीला स्ट्रेंग्थ 48 लागते, तेवढी तरतूद करून ठेवा.

आगीच्या टोपल्यांसारखे ते राक्षस, फर्नेस गोलेम, यांच्याशी पायी लढायची गरज नाही. टॉरेंटवरून पायांवर मारत राहा. त्याने पाय उचलला की डबल जंप, म्हणजे आगीची लाट खालून जाते. काहींच्या पायांना चिलखत असतं, तिथे पायांवर मारणं वाया. जवळच्या उंच जागेवर चढून त्याच्या डोक्यातल्या भट्टीत मोठं अग्निमडकं टाकावं लागतं.

एक गोष्ट वेळेत सांगायला हवी. शॅडो कीपच्या जवळ पोचलात की ‘महा-रून भंगला’ असा संदेश येतो आणि सोबत्यांवरची मिकेलाची भुरळ उतरते. त्याआधी मेन गेटच्या क्रूसापाशी आन्सबाख आणि मूर, थ्री-पाथ क्रूसापाशी फ्रेया, पिलर पाथकडे थियोलिए, या सगळ्यांशी बोलणं संपेपर्यंत बोला. एकदा बोलून निघू नका, तीच वाक्यं परत येईस्तोवर थांबा. दुसरी अशी रेघ म्हणजे रोमिना या बॉसला मारल्यावर वाट अडवणारं झाड जाळणं. जाळायच्या आधी राहिलेली कामं उरकून घ्या.

आता नागपूरचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा गेम अडखळायला लागला तर आधी ग्राफिक्सला दोष देऊ नका. ग्राफिक्स कार्ड तापलं की ते स्वतःहून वेग कमी करतं, फ्रेम्स पडतात आणि रोलची वेळ चुकते. हा गेम तसाही 60 फ्रेम्सच्या वर जात नाही, तेव्हा सावल्या आणि गवत एक पायरी खाली आणा, कार्डाला श्वास मिळतो. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा ओली असते, आणि आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार धुळीबरोबर पंख्यांवर बसतात. कूलर माणसाकडे, कॅबिनेट बाजूला.

लाईट जाण्याचं म्हणाल तर गेम सतत स्वतः सेव्ह करत असतो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जरा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. आठवड्यातून एकदा ॲपडेटाच्या रोमिंगमधला एल्डन रिंगचा फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका. आणि खाली कुणी हाक मारली तर मेनूतल्या मदतीच्या बटणावरून ‘मेनू एक्सप्लनेशन’ उघडा, तिथे गेम खरोखर थांबतो. नुसता मेनू उघडून थांबत नाही.

विस्ताराचा शेवटचा बॉस म्हणून परत येणाऱ्या राडानबद्दल विचारता, तर सप्टेंबर 2024 च्या पॅचनंतर तो बराच निवळला आहे. दुसऱ्या टप्प्यात मार येतो तो पवित्र प्रकाशाचा, तेव्हा शमन गावातली सोनेरी वेणी हा टॅलिस्मन गळ्यात असू द्या. राडानच्या लढाईत दोनदा धरलं गेलात की खेळ तिथेच संपतो. एकदा धरून सोडलं असेल तर मिकेलाचा महा-रून वापरा, भुरळ उतरते. आणि आशीर्वाद सोळा-सतरावर असताना दहा वेळा हरला असाल तर आणखी दहा वेळा आत जाण्याआधी नकाशा उघडा आणि न पाहिलेले क्रूस शोधा.