पत्र्याखालची गाडी

गडहिंग्लजकडनं टेम्पोत घालून एक गाडी आली आमच्याकडं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं गॅरेज आहे आमचं, जुन्या गाड्यांचं काम जास्त. ताडपत्री काढली तशी शेजारच्या शेडमधली पोरं हातातलं काम टाकून बघायला आली. लांबलचक नाक, दोनच सीट, दार एवढंसं, मागची बाजू उतरत गेलेली, बॅज कुठंच नाही, हेडलाइटच्या रिंगा जुन्या फियाट अकराशेच्या आणि मागचे दिवे अॅम्बेसिडरचे. असली गाडी मी कुठंच बघितली नव्हती.

मालक म्हणजे सत्तरी ओलांडलेले आबा, गाडी त्यांच्या वडिलांची. कागद म्हणाल तर आरसी बुकाची एक पुसट झेरॉक्स, त्यात मेक ‘मॉरिस’ आणि साल १९५२, बास. सोबत मुलगा होता, त्याला कुणा दलालानं सांगितलेलं की ही इटालियन बॉडी आहे, बर्टोनेची, म्हणजे ट्युरिनच्या नावाजलेल्या बॉडी बनवणाऱ्याची, कोटीत जाईल. आता हे अगदीच हवेतलं नव्हतं हं. १९५२ च्या ट्युरिन शोमध्ये बर्टोनेनं एमजी टीडी ह्या दोन सीटच्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बॉडी बांधून दाखवल्या होत्या, त्या बघून शिकागोच्या आर्नोल्टनं ऑर्डर दिली आणि तसल्या गाड्या जगात शंभरच्या आसपासच बनल्या. त्यामुळं आबा म्हणाले, “मिस्त्री, काय हाय ते नक्की सांगा, मग पुढचं बघू.”

मी पोरांना कायम सांगतो की बॉडी बघून गाडी ओळखायची नाही, बॉडी कोणीपण बदलतो, सुरुवात खालनं करायची.

इंजिनावरची नंबरची पट्टी गायब होती. म्हटलं बोल्ट तर बोलतील. एका बोल्टला व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापाचा, रिंग पाना चपखल बसला, म्हणजे इंग्लिश गाडी, बरोबर? पण बोल्ट काढून बघतोय तर आटे इंचीच्या कुठल्याच गेजला लागेनात. शेजारच्या लेथवाल्या मामांकडं नेला. त्यांनी चष्मा वर सारला, आटे मोजायच्या पिच गेजची पात एकेक करून लावली आणि म्हणाले, “आठ मिलिमीटर, पिच एक. डोकं इंची आणि आटे मेट्रिक, कुठनं आणलास हे?” मला तिथंच निम्मं कळलं. मॉरिसनं १९२३ ला हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना विकत घेतला, तिथली सगळी मशिनरी मेट्रिक, मग आटे तेच ठेवले पण मेकॅनिक लोकांकडं पाने व्हिटवर्थचे म्हणून बोल्टची डोकी तेवढी त्या मापाची केली. असलं कॉम्बिनेशन दिसलं की मॉरिस घराणंच धरायचं. हेड उतरवलं, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ९० मिलिमीटर, बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी साडेसहासष्टच्या थोडा वर कारण कधीतरी बोअरिंग झालेलं, म्हणजे १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन. एमजीचं, म्हणजे मॉरिस घराण्यातलंच!

पण एवढ्यावर टीडी म्हणता येत नाही. हेच इंजिन एमजीच्या वाय टाइप सलूनमध्ये, म्हणजे टपाच्या घरगुती गाडीतपण होतं आणि आरसीवर नुसतं मॉरिस. मग गाडी जॅकवर घेतली. पुढं कॉइल स्प्रिंग, रॅक अँड पिनियन स्टेअरिंग, हे दोघांतही सारखंच, कारण टीडीचं चेसिस वाय टाइपवरनंच काढलेलं. फरक मागं आहे. वाय टाइपचं चेसिस मागच्या अॅक्सलच्या खालून जातं, टीडीचं कमान करून वरनं जातं. टॉर्च मारली तर कमान! टेप लावला, दोन्ही अॅक्सलमधलं अंतर ९४ इंच, वाय टाइपचं ९९ असतंय. तरी नंबर पाहिजेच, म्हणून पुढं डाव्या बाजूला चेसिसच्या टोकाशी डिझेल, वायर ब्रश, मग बारीक पॉलिश पेपर, वर खडू घासला आणि हळूहळू ‘टीडी’ अशी अक्षरं आणि मागचे आकडे उठून आले. एमजीचे चेसिस नंबर ०२५१ पासनं सुरू व्हायचे, कारण अॅबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर २५१ होता. ते ऐकून आबा जाम खूश झाले.

मुलगा तर आणखीनच खूश. बर्टोनेची बॉडी पण टीडीवरच ना!

आता बॉडीची पाळी. लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, थर दोन-दोन सूत जाड होता, तो खरवडल्यावर खाली अॅल्युमिनियमचा पत्रा निघाला आणि पूर्ण पत्र्यावर हातोडीचे बारीक ठोके, ओळीत, एकसारखे, कुठं घाई नाही. बोनेटचा गोलावा वाळूच्या पिशवीवर ठोकून काढलेला. मी ह्यावरनं हात फिरवत किती वेळ बसलो मला माहीत नाही. मग दाराचं आतलं अस्तर काढलं. आत लाकडी सांगाडा. टीडीचा मूळ सांगाडा अॅश नावाच्या विलायती लाकडाचा असतो, हे लाकूड वेगळं वाटलं म्हणून कोपऱ्यात जरा पेपर मारला आणि वास आला, सागवान! सुताराला बोलावून खात्री केली. आणि त्याच दाराच्या पत्र्याला आतल्या बाजूनं, रेघा मारायच्या सुईनं कोरलेलं, ‘उजवे दार’.

ट्युरिनचा विषय तिथं संपला.

मुलाचा चेहरा उतरला. पण आबांना आठवायला लागलं, की वडील सांगायचे, पावसानं आतलं लाकूड कुजलं, दारं लोंबायला लागली, आणि १९५३-५४ नंतर बाहेरनं गाड्या, पार्ट येणं अवघड झालेलं, म्हणून गाडी कित्येक महिने कोल्हापुरात कुणा मिस्त्रीकडं सोडली होती. मिस्त्रीचं नाव त्यांना आठवत नाही.

मुलाचं म्हणणं, इंग्लंडात टीडीची नवी बॉडी तयार मिळते, ती आणून बसवू, किंमत तरी येईल. मी स्पष्ट नको म्हटलं. टीडी तीस हजारांच्या आसपास बनल्या, अशी एकच आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवला त्या गावातल्या कारागिरानं, ड्रॉइंग नाही, साचा नाही, नुसत्या नजरेवर हे ठोकून काढलंय, ते भंगारात घालायचं? माझ्या हातानं तर नाही. आबा म्हणाले, “पोरा, हीच ठेवायची.”

सध्या खालचे कुजलेले दोन पाट सागवानातच नवीन करतोय, बोनेटची चीर अॅल्युमिनियम वेल्डिंगनं जोडून झाली, लांबी शक्य तेवढी कमी ठेवणार. आरसीवर एमजी चढवायला अर्जाची तयारी चाललीय. कुणाचे आजोबा, काका पन्नास-साठच्या दशकात कोल्हापुरात गाड्यांच्या बॉडी ठोकत असतील तर घरात एकदा विचारा, लांब नाकाची दोन सीटची गाडी केली होती का म्हणून. रंग तेव्हा फिकट हिरवा होता, बिजागरीच्या मागं अजून दिसतोय.