मोहाखालची राख

मार्चअखेर पेंचकडच्या सागवनात अकरानंतर उन्हाने मोजायची टेप धरवत नाही, म्हणून नागपूरहून आम्ही पहाटे साडेचारलाच निघालो.

जंगलात साठलेला कार्बन मोजणं हे माझं काम. ०.१ हेक्टरचा प्लॉट आखायचा, जमिनीपासून १.३७ मीटरवर प्रत्येक झाडाचा घेर घ्यायचा, त्यावरून वाळलेल्या लाकडाचं वजन काढायचं. वजनाच्या साधारण निम्मा कार्बन. त्याला ३.६७ ने गुणलं की झाडाने हवेतला किती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला ते कळतं. डेहराडूनला प्रशिक्षणात चीडच्या जंगलात हेच शिकलो. तिथे पायाखाली पिरूल, म्हणजे चीडच्या वाळक्या सुया. उन्हाळ्यात आग त्यावरूनच धावते. शिकवणारे सर म्हणायचे, खोड नंतर मोजा, आधी खाली बघा. तेव्हा मी नुसतं वहीत लिहून घेतलं होतं.

त्या दिवशी सातव्या प्लॉटवर पोचलो तर जमीन काळी. सागाच्या बुंध्यांवर गुडघ्यापर्यंत काजळी, मागच्या वर्षी मारलेले लाल पट्टे मात्र शाबूत. मोजायला लागलो. एकही मोठं झाड गेलं नव्हतं, बहुतेकांचा घेर थोडा वाढलेलाच. रजिस्टरवरून कोणी म्हणालं असतं, प्लॉट उत्तम आहे, कार्बन वाढला.

मग कोपऱ्यातला रोपांचा चौकोन पाहिला. मागच्या वर्षी ऐन, बिजा, धावडा मिळून २३ रोपं होती. आता काड्या. एका ऐनाच्या बुडाशी नखाने खरवडलं, साल राखेसारखी सुटली, पण अगदी मातीलगत बोटभर हिरवं होतं. पाऊस लागला की तिथून फुटेल. पुढच्या मार्चला पुन्हा जळेल. असं दरवर्षी झालं तर वरचे साग म्हातारे होतील आणि त्यांच्या जागी उभं राहायला खाली कोणी नसेल. माझ्या बेरजेत हे कुठेच येत नव्हतं. त्याचा मला फार त्रास झाला.

पलीकडे एक आजी मोहफुलं वेचत होती. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, कोणी पेटवलं हे?

"मीनंच. झाडाखालचाच पाला जाळत होती. वारा सुटला, मंग नाही आवरला." तिने सागाचं एक वाळकं पान उचलून माझ्यापुढे धरलं, सुपाएवढं. "याच्याखाली फूल गेलं तं अंधारात दिसते का, बाप्पा?"

माझा आवाज खाली आला. पहाटे गळणारी फुलं ऊन चढायच्या आत वेचायची, वर्षाची मीठ-मिरची त्यावर. वनरक्षकाच्या मोबाइलवर उपग्रहाचा इशारा येईपर्यंत आग नाल्यापर्यंत गेलेली असते, जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, कितीही नीट काढा. जाळ पहिल्यांदा लागतो तो मोहाखाली, तेव्हा थांबवायचं तिथेच.

तिने एका झाडाखाली जुनं लुगडं अंथरलं होतं. त्यावरची फुलं स्वच्छ होती, मातीचा कण नाही. पण लुगडं एकच.

त्यानंतरच्या रविवारी नागपूरच्या इतवारी बाजारातून हिरवी जाळी घेऊन पुन्हा गेलो. बुंध्याभोवती चार खुंट्या ठोकून ती कमरेच्या उंचीवर ताणली. आजीने हात फिरवून पाहिलं, मग बाकीच्या झाडांकडे बोट केलं.

"याच्यात दोन झाडं होतीन. माहे पाच आहेत."